वर्गात एक जाणतं माणूस

ही पुस्तिका ज्यांच्या हाती पडावी असं मला वाटतं, त्यांतल्या बहुतेकांनी इन्सुलिनचं पेन कधी हातात घेतलेलं नसेल. बालवाडीच्या ताई, पहिली ते चौथीचे शिक्षक, मुख्याध्यापक, शाळेच्या बसमधल्या मावशी, पोषण आहार शिजवणाऱ्या बायका. डॉक्टरांसाठी टाइप १ मधुमेहावर ग्रंथ आहेत, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०२२ सालची मार्गदर्शक तत्त्वंही आहेत. पण सहा वर्षांचं मूल सकाळी शाळेच्या फाटकातून आत गेलं की पुढचे पाच-सहा तास त्याच्याजवळ डॉक्टर नसतात आणि आईही नसते. बाई असतात. त्या पाच-सहा तासांत डबा खायचा असतो, मैदानावर धावायचं असतं आणि पुष्कळदा इन्सुलिनचा एक डोसही त्यातच येतो. अन्न, खेळ आणि इन्सुलिन या तिघांचा मेळ बसवणं म्हणजेच या आजाराची रोजची काळजी. ती अशी अर्धी शाळेत पार पडते आणि अनेकदा शाळेला त्याची कल्पनाही नसते.

बालमधुमेहाच्या ओपीडीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना मुलांच्या आयांशी माझं बोलणं स्वयंपाकघरापासून सुरू होतं आणि हटकून शाळेवर येऊन थांबतं. घरचं सगळं त्या शिकून घेतात. रात्री तीनचा गजर लावून बोटातून रक्त काढून साखर बघतात. शाळेपुढे मात्र त्यांचा इलाज चालत नाही. ही पुस्तिका त्यातून आली.

‘एवढ्याशा पोरीला शुगर कशी झाली? चॉकलेटं फार देत असाल.’ हे ऐकावं न लागलेली आई मला अजून भेटायची आहे. म्हणून आधी तेवढं स्वच्छ सांगून टाकते. टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवरच उलटते आणि त्या नष्ट करत जाते. गोड खाण्याशी, लाडाशी, आईच्या डोहाळ्यांशी याचा काही संबंध नाही. कारल्याच्या रसाने किंवा आसनांनी त्या पेशी परत येत नाहीत. इन्सुलिन बाहेरून द्यावंच लागतं, रोज आणि जन्मभर. कोणाच्या तरी सल्ल्याने ते बंद केलं तर मूल काही दिवसांत जिवावर बेतण्याइतकं आजारी पडतं. घरोघरी आजी-आजोबांना असतो तो टाइप २ मधुमेह. त्याची कारणं वेगळी, उपचार वेगळे, पथ्यही वेगळं. शिक्षकांना ओळखीचा असतो तो हा दुसरा, आणि ते चांगल्या मनाने त्याचेच नियम या लहानग्यांना लावतात. त्यातून काय ओढवू शकतं ते पुढे सांगते.

शंभर वर्षांपूर्वी अशा मुलाला शाळेत पाठवायचा प्रश्नच नव्हता, कारण मूल जगतच नसे. उपासमार वाटावी इतका कमी आहार देऊन आणखी काही महिने काढायचे, एवढाच उपाय होता. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. तो अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केल्यावर २३ जानेवारीला पुन्हा इंजेक्शनं सुरू झाली आणि मुलाची साखर खाली आली. या शोधातले प्रमुख, फ्रेडरिक बँटिंग, यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर. तो जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळतात आणि आपल्याकडे तोच बालदिन. त्या दिवशी प्रत्येक शाळेत कार्यक्रम असतो, खाऊ वाटला जातो. त्यातली दहा मिनिटं या विषयाला मिळावीत अशी माझी मनापासून विनंती आहे.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार टाइप १ असलेल्या वीस वर्षांखालच्या मुलांची संख्या जगात सर्वांत जास्त भारतात आहे, सुमारे २ लाख २९ हजार. दर वर्षी असं मूल वर्गात येईल असं नाही. पण तीस वर्षं शिकवणाऱ्या शिक्षकाच्या हाताखालून एखादं तरी जाण्याची शक्यता बरीच आहे.

आणि ते मूल निदान होऊन, फाईल घेऊनच येईल असंही नाही. इटलीतल्या पार्मा शहरात १९९१ मध्ये शाळांमध्ये आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत एक साधं भित्तिपत्रक लावण्यात आलं. मूल फार पाणी पितंय का, वारंवार लघवीला जातंय का, अंथरूण ओलं करायचं थांबलेलं मूल पुन्हा करू लागलंय का, तर लगेच डॉक्टरांना दाखवा, असा त्याचा आशय. त्याआधीच्या चार वर्षांत तिथे निदान होणाऱ्या मुलांपैकी ७८ टक्के मुलं कीटोॲसिडोसिसच्या, म्हणजे रक्तात आम्ल साठून जीव धोक्यात येण्याच्या अवस्थेत दवाखान्यात पोचत होती. पुढच्या सहा वर्षांत हे प्रमाण साडेबारा टक्क्यांवर आलं. औषध तेच होतं. लक्षणं वेळेत ओळखली गेली, एवढाच फरक.

आपल्या वर्गातही हे सगळं दिसतं. एका तासात तीनदा करंगळी वर करणारा मुलगा ‘उनाडक्या करतो’ म्हणून बसवून ठेवला जातो. मधल्या सुट्टीआधी त्याची पाण्याची बाटली रिकामी झालेली असते आणि तो शेजारणीची मागतो. जूनमध्ये नीट बसणारी चड्डी सप्टेंबरात कमरेला पिन लावून आवरलेली असते. कवायतीत आधी पुढे असलेला मुलगा आता पायरीवर बसून राहतो. यातलं काही दिसलं तर ‘आजच दवाखान्यात जाऊन साखर तपासून घ्या’ असं पालकांना सांगायचं. उद्यावर टाकायचं नाही. ग्लुकोमीटरने ती तपासायला मिनिटभरही लागत नाही.

निदान झालेल्या मुलाच्या बाबतीत शाळेला सगळ्यांत जास्त कळायला हवी ती एक गोष्ट म्हणजे साखर कमी होणं. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की मेंदूला इंधन कमी पडू लागतं. मोठ्या माणसाला ते जाणवतं आणि तो खिशातली गोळी तोंडात टाकतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला अनेकदा ते कळतच नाही, आणि कळलं तरी ‘बाई, मला कसंतरी होतंय’ यापलीकडे सांगता येत नाही. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी असते. कोणाला दरदरून घाम येतो, कोणी बाकावर डोकं टेकवतं, कोणी रडू लागतं, कोणी शेजाऱ्याला चापट मारतं. दुसरीतला एक मुलगा पाढे सुरेख लिहायचा. एके दिवशी पोषण आहाराच्या आधीच्या तासाला त्याने सातच्या पाढ्यात चौदाच्या पुढे चौदा, चौदा, चौदा असं ओळभर लिहिलं. बाईंना तो वात्रटपणा वाटला आणि त्यांनी त्याला उभं केलं. तो उभा राहिल्यावर शेजारची मुलगी म्हणाली, ‘बाई, ह्याचे हात बघा कसे हलतायत.’ त्याची वही नंतर त्याच्या आईने मला दाखवली. पहिल्या चौदापासून शेवटच्या चौदापर्यंत अक्षर कसं विस्कटत गेलं होतं ते त्या एका ओळीत दिसत होतं. बाईंना आधी कोणी काही सांगितलेलंच नव्हतं, त्यामुळे दोष त्यांचा म्हणता येणार नाही.

अशा वेळी करायचं ते अगदी सोपं आहे. मूल जिथे बसलंय तिथेच त्याला ग्लुकोज द्यायचं. वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ०.३ ग्रॅम धरलं तर वीस किलोच्या मुलाला सहा ग्रॅम, म्हणजे दीड चमचा ग्लुकोज पावडर थोड्या पाण्यात. ती नसेल तर साखर. चॉकलेट शेवटचा पर्याय, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमी असेल तर पुन्हा द्यायचं. ग्लुकोमीटर जवळ नसेल आणि शंका असेल तर साखर द्यावी. चुकून थोडी वाढली तर ती नंतर आवरता येते. मूल बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा. अशा प्रसंगासाठी ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन असतं, पण आपल्याकडे ते सहज मिळत नाही. म्हणून त्या टोकापर्यंत वेळ येऊच न देणं महत्त्वाचं.

याच ठिकाणी ते टाइप २ चे नियम घात करतात. थरथरणाऱ्या मुलीला वर्गमैत्रीण डब्यातला गूळ देऊ लागते आणि कोणीतरी मोठं माणूस धावत येऊन म्हणतं, ‘अगं, गोड नको देऊस, तिला डायबिटीस आहे.’ याहून धोक्याचा सद्हेतू मला माहीत नाही. दुसरा घात ‘ऑफिसात जाऊन बस’ या वाक्याने होतो. साखर उतरलेलं मूल दुसऱ्या मजल्यावरून एकटं खाली निघालं तर जिन्यातच कोसळू शकतं. त्याला कुठेही एकटं पाठवायचं नाही, स्वच्छतागृहातही नाही. आणि ग्लुकोजचा डबा वर्गात, बाईंच्या टेबलाच्या खणात हवा. तो मुख्याध्यापकांच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली शिपायाकडे आणि शिपाई बँकेत गेलेला, असं असेल तर तो असून नसल्यासारखा.

आता इंजेक्शन. अनेक शाळांच्या पायरीवर दुपारी साडेबाराच्या सुमाराला एखादी आई बसलेली दिसते. मुलीला इन्सुलिन टोचायचं, ती जेवेपर्यंत थांबायचं आणि परत जायचं. त्यासाठी नोकरी सोडलेल्या आया मी पाहिल्या आहेत. शेतमजुरी करणाऱ्या बाईचा तर रोज बुडतो. तिला रोज येता येत नाही, आणि मग डॉक्टरांनाच उपचार बदलावा लागतो. दिवसातून चार वेळा, प्रत्येक जेवणाआधी इन्सुलिन देण्याऐवजी सकाळ-संध्याकाळ दोन वेळा मिश्र इन्सुलिन दिलं जातं. त्यातलं दुधाळ दिसणारं एनपीएच सकाळी टोचलं की दुपारच्या सुमाराला जोरात काम करू लागतं, मूल जेवलं असो वा नसो. मग जेवणाची वेळ अर्धा तासही हलवून चालत नाही. स्नेहसंमेलनाचे पाहुणे उशिरा आले म्हणून जेवण दीड तास लांबलं, तर बाकीच्या मुलांना नुसती भूक लागते आणि हिला फेफरं येऊ शकतं. साखर काटेकोर सांभाळली तर डोळे, मूत्रपिंडं आणि नसा यांची हानी बरीच टळते, हे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी अभ्यासाने दाखवून दिलं आहे. तरीही मुलीला कोणता उपचार मिळणार हे शाळेत सुई द्यायला कोणी आहे की नाही यावर ठरतं. मला हे मान्य नाही, आणि हे बदलण्यासारखं आहे.

पेनची सुई आता चार मिलिमीटरची, केसासारखी बारीक असते. आठ-नऊ वर्षांची मुलं शेजारी मोठं माणूस असेल तर स्वतः टोचून घेतात. त्याहून लहानांना कोणीतरी टोचावं लागतं. पालकांच्या लेखी संमतीने आणि डॉक्टरांच्या लेखी सूचनेने हे काम स्वखुशीने शिकणारे शिक्षक मला भेटले आहेत आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात फार आदर आहे. सगळ्यांकडून ती अपेक्षा मी करत नाही. पण मूल स्वतः टोचत असेल तेव्हा पेनवरचा आकडा त्याच्याबरोबर आणखी एकाने पाहणं आणि टोचल्यावर डबा संपला की नाही हे बघणं, इतकं प्रत्येक शाळेला जमण्यासारखं आहे. इन्सुलिन घेतलं आणि डबा तसाच राहिला, यातून सगळ्यांत जास्त अडचणी उद्भवतात. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने आजारी विद्यार्थ्यांची सोय करणं हे शाळांचं कर्तव्यच ठरवलं आहे आणि तिथे अशा मुलाची लेखी आरोग्य-योजना शाळेत ठेवण्याची पद्धत आहे. आपल्याकडे तशी सक्ती होण्याची वाट पाहायचं कारण नाही.

खाण्याविषयी सविस्तर प्रकरण आत आहे, इथे थोडंच. या मुलांना खिचडी चालते, पोळी चालते, केळंही चालतं. मोजमाप ठरलेलं हवं. पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य धरलेलं असतं. तेवढ्या तांदळात पाऊणशे ग्रॅमच्या वर कर्बोदकं असतात. आज पळीभर खिचडी आणि उद्या दोन पळ्या वाढली तर त्याच डोसने एक दिवस साखर चढेल आणि एक दिवस उतरेल. घरून एक वाटी द्यावी आणि रोज त्याच वाटीने वाढावं. शिजवणाऱ्या ताईंना एकदा समजावून सांगितलं की त्या ते चोख सांभाळतात, हा सर्वत्र अनुभव आहे. वाढदिवसाचं चॉकलेट किंवा संक्रांतीचा तिळगुळ जेवणासोबत, हिशेबात धरून घेता येतो. चाळीस मुलांसमोर ‘तुला नाही हं, तुला शुगर आहे’ असं मात्र कधीच म्हणू नये. चॉकलेट तिच्या हातात द्यावं. ते केव्हा खायचं हे तिला आणि तिच्या आईला माहीत असतं.

खेळातून वगळणं हीसुद्धा अशीच शिक्षा आहे. खो-खो, लंगडी, कबड्डी, पोहणं, सगळं या मुलांनी खेळावं. पाकिस्तानच्या वसीम अक्रमला १९९७ मध्ये टाइप १ मधुमेह असल्याचं कळलं आणि त्यानंतरही तो अनेक वर्षं आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजी करत राहिला. खेळाआधी साखर तपासावी, ९० च्या खाली असेल तर काही खाऊन उतरावं, आणि ग्लुकोज मैदानावर असावं. जोराच्या खेळानंतर साखर काही तासांनी, रात्री झोपेतही उतरू शकते. म्हणून क्रीडादिनी किंवा सहलीच्या दिवशी ‘आज खूप धावला’ एवढा निरोप घरी जायला हवा.

परीक्षेबाबत शाळा नियमांकडे बोट दाखवतात, तेव्हा नियम सांगतेच. टाइप १ असलेल्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत खाण्याचे पदार्थ आणि पाणी नेण्याची मुभा सीबीएसईने २०१७ मध्येच दिली. २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने राज्यांच्या शिक्षण मंडळांना पत्र लिहून कळवलं, की अशा मुलांना वर्गात आणि परीक्षेतही साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, मधलं खाणं खाऊ द्यावं, साखर मोजणारा दंडावरचा सेन्सर आणि इन्सुलिनचा पंप चालू द्यावा. सेन्सरचा आकडा ज्या मोबाइलवर दिसतो तो शिक्षकांकडे ठेवायचा, असंही त्यात आहे. तेव्हा शाळेत मोबाइलबंदी असली तरी वाट निघते. चौथीच्या वर्गातल्या साध्या घटक चाचणीलाही हे लागू पडतं, कारण साखर कमी असताना किंवा फार चढलेली असताना लिहिलेला पेपर मुलाच्या अभ्यासाविषयी काहीच सांगत नाही.

इतकं सगळं असूनही पुष्कळ पालक शाळेला काही कळवतच नाहीत, आणि मला त्यांचा राग येत नाही. प्रवेश नाकारला जाईल, ‘जबाबदारी आमची नाही’ असं लिहून घेतील, ही भीती खरी आहे. मुलगी असेल तर आणखी एक. पाच वर्षांच्या पोरीच्या लग्नाची काळजी करून आजी सांगते, ‘बाहेर कोणाला बोलू नका.’ मग ती पोर स्वच्छतागृहात दार लावून घाईघाईने सुई टोचते, हात न धुता, किंवा डोस टाळूनच टाकते. लपवलेल्या आजारात तिची साखर उतरली तर तिला काय झालंय हे वर्गात कोणालाच कळणार नाही. पालकांनो, कृपा करून सांगा. आणि शाळांना माझं सांगणं आहे की पालकांना ते सांगण्याचा धीर येईल असं आधी वागा. हमीपत्र पुढे करण्यापूर्वी ‘आम्ही काय शिकून घ्यायला हवं?’ एवढं विचारा.

पैशांची अडचण वेगळी. ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप्स आणि इन्सुलिन अनेक घरांना परवडत नाही. नागपूरचा ड्रीम ट्रस्ट, छत्रपती संभाजीनगरची ‘उडान’ अशा संस्था गरजू मुलांना मदत करतात. केरळ सरकारने तर अशा मुलांसाठी ‘मिठायी’ नावाची योजनाच चालवली आहे. तशी महाराष्ट्रात असावी असं मला फार वाटतं. फ्रिज नसलेल्या घरांत ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात इन्सुलिन थंड राखता येतं. एप्रिलच्या उन्हात शाळेलाही हाच उपाय करता येईल. दप्तरात, पत्र्याच्या वर्गात ते तापलं की निकामी होतं, आणि बाटलीकडे बघून ते नेहमीच कळतं असं नाही.

पुस्तिकेचं शेवटचं पान फाडून घेण्यासाठी आहे. त्यावर मुलाचा फोटो, इन्सुलिनच्या आणि खाण्याच्या वेळा, साखर उतरली की हे मूल कसं वागतं त्याच्या दोन ओळी, ग्लुकोज किती द्यायचं तो आकडा, आणि फोन नंबर. खाली दोन मोकळ्या जागा आहेत, शाळेतल्या दोन मोठ्या माणसांच्या नावांसाठी. दोन अशासाठी की एक रजेवर असेल, निवडणुकीच्या किंवा जनगणनेच्या कामाला गेलं असेल, तर दुसरं हजर असावं. या दोघांनी ग्लुकोमीटर हाताळून पाहिलेला असावा. तास-दीड तासात ते शिकता येतं आणि मुलाची आईच ते उत्तम शिकवते. बदली शिक्षक वर्गावर येतात तेव्हा हे पान हजेरीपटात त्यांच्या समोर असलं पाहिजे. जूनमध्ये शाळा उघडताना ते पालकांसोबत बसून भरा, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा भरा. मूल वाढतं तसा डोस बदलतो, आणि जुन्या पानावरचा आकडा तोवर चुकीचा झालेला असतो.